लिंबूचा तिसरा नमुना

१

सकाळी साडेदहाला यंत्रानं आकडा दाखवला. मी चष्मा काढून रुमालानं पुसला आणि पुन्हा पाहिलं. आकडा तोच होता.

मी व्यसनमुक्ती केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. प्रयोगशाळा म्हणायची इतकंच. एक खोली, एक फ्रिज, एक यंत्र आणि नमुने आत घ्यायला एक खिडकी. आमची इमारत अठराच्या आतल्या मुलींची, रस्त्यापलीकडची मोठ्या माणसांची, प्रयोगशाळा दोन्हींची एकच. कुणी दारूपायी आलेली, कुणी झोपेच्या गोळ्यांपायी, कुणी खोकल्याचं औषध बाटलीबाटलीनं रिचवणारी. दर सोमवारी सगळ्यांची लघवी तपासायची आणि जिला घरी सोडायचं तिचं त्या दिवशी रक्तही घ्यायचं. माझी आई म्हणायची, "एवढी शिकलीस आणि लोकांचं मूत हुंगत बसलीस!" बसले खरी. एकवीस वर्षं झाली.

त्या डबीवर लिंबूचं लेबल होतं. लिंबू सोळा वर्षांची. आली त्या दिवशी तिनं जेवणाकडे, पलंगाकडे आणि आमच्याकडे बघून असं काही तोंड केलं होतं की मुलींनी तिथल्या तिथे बारसं उरकलं. पुढे तिचं तोंड सरळ झालं, नाव तसंच राहिलं.

आज ती घरी जायची होती. पाच वाजता वडील न्यायला येणार होते. गेले पाच सोमवार ती लख्ख होती. आणि आज तिच्या लघवीत दारू होती.

हे पहिल्यांदा झालं असतं तर मी हळहळले असते आणि अहवाल लिहून मोकळी झाले असते. पण आमच्याकडे सहा आठवड्यांचा मुक्काम असतो. शेवटच्या दिवशी नापास झालं की पुन्हा सहा आठवडे. लिंबू पहिल्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी नापास झाली. दुसऱ्याच्याही शेवटच्याच दिवशी. आज तिसऱ्याचा शेवटचा दिवस होता.

आणि तिसऱ्यांदा नापास झालेल्या मुलीला आम्ही ठेवत नाही. तिला मोठ्या इस्पितळाच्या बंद वॉर्डात पाठवतात. त्या वॉर्डात खिडक्यांना जाळ्या आहेत आणि शेजारच्या पलंगावर चाळीस-चाळीस वर्षांच्या बाया.

मी डबी उजेडात धरली. तळाशी केसासारखा बारीक पांढरा तंतू तरंगत होता. धूळ असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. तिची फाईल काढली. पहिल्याच पानावर वडिलांचं सुबक अक्षर होतं : "मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शाळेतून फोन आला तेव्हाच कळलं. वाईट संगत लागली असावी."

फाईल मिटून मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या केंद्रप्रमुख. डॉक्टर, शिस्तीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी अहवाल वाचला आणि पेनाचं टोपण लावलं.

"गेट बंद असतं," त्या म्हणाल्या. "पिशव्या तपासतो. भेटीला आलेल्यांचे खिसेही बघतो. तरी तीनदा आत दारू आली. म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी आणतंय."

२

झडती बारा वाजता सुरू झाली.

लिंबूच्या गादीत काही नव्हतं. कपाटात काही नव्हतं. बॅग भरून तयार होती, ती उपसली, त्यातही काही नाही. मग खोलीतल्या दुसऱ्या पलंगाची पाळी आली. तो खारीचा. खार चौदाची, चणीनं लहान, जे दिसेल ते उशीत साठवून ठेवणारी. उशीचा अभ्रा झटकला तसा पलंगावर बाजार मांडला गेला. बटणं, अर्धी पेन्सिल, साखरेच्या पुड्या, तुटकं बक्कल. आणि बोटाएवढी एक काचेची बाटली.

मोठ्या बाईंनी टोपण उघडून वास घेतला. सेंट होतं. सेंटमध्ये दारूच असते, आणि अडलेली माणसं तेही पितात हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक.

"ती माझी आहे!" खार किंचाळली. "प्यायची नाहीये ती, लावायची आहे!"

"दिली कुणी?"

खारीनं ओठ घट्ट मिटले, पण डोळ्यांना कुठलं कुलूप? ते सरळ दाराशी उभ्या असलेल्या मावशींकडे वळले.

मावशी म्हणजे मुलींची देखभाल करणाऱ्या. कपडे, अंथरुणं, ताप आला तर कपाळावर घडी, सगळं त्यांच्याकडे. सोमवारी स्वच्छतागृहाच्या दाराबाहेर उभं राहून डबी माझ्या खिडकीपर्यंत आणून देणाऱ्याही त्याच.

"मी दिली," मावशी म्हणाल्या. "तिचा वाढदिवस होता. तिला भेटायला कुणी आलं नाही. दिवसभर गेटकडे बघत बसली होती पोर. माझ्या पर्समधली काढून दिली. चुकलं माझं."

"आज सेंट सापडलं," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "न सापडलेलं किती आणि काय असेल? पाच वाजेपर्यंत सामान आवरा. पुढचं पोलिसांना बघू दे."

मावशी मटकन खारीच्या पलंगावर बसल्या. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. त्यातला थेंबही कुणाच्या पोटात गेला नव्हता, हे मी बोलून दाखवलं. पण मोठ्या बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बुडत्याला काडीचा आधार, तसा त्यांनाही कुणीतरी हातात हवं होतं. तीन अपयशांचा जाब त्यांनाच द्यायचा होता.

तेवढ्यात खिडकीजवळून लिंबू बोलली. इतका वेळ ती भिंतीसारखी उभी होती.

"मावशींचा काही संबंध नाही."

"मग कुणाचा आहे?"

लिंबू खिडकीबाहेर बघायला लागली.

"कुठून आली दारू?"

"रिपोर्टात आहे ना?" लिंबू म्हणाली. "मग मला काय विचारता?" पण हे बोलताना तिच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता. बंद वॉर्डाचं नाव निघालं तेव्हा ती पापणीही न हलवता उभी होती, आणि मावशींना जायला सांगितल्यावर मात्र तिला बोलल्याशिवाय राहवलं नव्हतं.

मी जिना उतरून खाली आले, पण काहीतरी खुपत होतं. एकवीस वर्षांत शेकड्यांनी पोरी पाहिल्या. हातात बाटली धरून सापडलेली पोरगीसुद्धा आधी काय म्हणते? "मी नाही प्यायले." आईची शपथ घेते, रडते, यंत्र बिघडलंय म्हणते, मला शिव्या देते.

लिंबूनं तिन्ही वेळा एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

३

मावशी कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होत्या. नोकरी गेली तरी हात थांबत नव्हते.

"सकाळी कशी होती हो ती?" मी विचारलं.

"कशी म्हणजे? नेहमीसारखी. नऊच्या सुमारास आली, शर्टाचं बटण तुटलं म्हणून. मी सुई ओवतेय ओवतेय, दोरा जाईल तर शपथ. डोळे गेले ताई आता. तिनं हातातून घेतली आणि एका झटक्यात ओवून दिली. मग तशीच तुमच्याकडे आली."

"तोंडाला वास?"

"गळ्यात पडली होती ती माझ्या, 'आठवण ठेवा' म्हणून. वास आला असता तर मला कळला नसता? माझा नवरा पिऊनच मेला."

त्यांनी एक फिकट पिवळा शर्ट उचलला, बाहीकडे बघून त्या चुकचुकल्या. "या शर्टाचं नशीबच खोटं. घरी जायचा म्हणून जपून ठेवते, आणि दर खेपेला घातला की बाहीला कोपराच्या आत रक्ताचा डाग. मीठ लावून चोळून चोळून माझी बोटं गेली. आजचा तिसरा. आत्ता बदलून टाकून गेली. बाकी कुठल्या पोरीचा कधी नाही हो पडत!"

मी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. माझं मन डबीत अडकलं होतं. "डबी बाहेर आली ती झाकण लावून?"

"झाकण लावून. माझ्या हातात दिली, मी चार पावलं चालून तुमच्या खिडकीत ठेवली. एवढाच माझा गुन्हा."

एक वाजता लिंबूचे वडील आले. फोन गेल्यावर दुकान तसंच टाकून निघाले असावेत, अंगावर कामाचा ॲप्रन होता आणि हातात मुलीसाठी घेतलेल्या नव्या बुटांचा खोका. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायचं काम करत. अतिशय सौम्य माणूस. बायको गेली तेव्हा मुलगी बारा वर्षांची. दुसरं लग्न केलं नाही, मुलीसाठी स्वयंपाक शिकले. अठरा आठवड्यांत एकही रविवार चुकवला नव्हता. आमच्या सगळ्यांना त्यांचं कौतुक होतं. खारीला तर असा बाप आपल्याला का नाही म्हणून रडू यायचं.

माझ्यासमोर बसल्या बसल्या त्यांनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं. "काडी ढिली झालीय तुमची. द्या."

खिशातून एवढासा पेचकस काढून ते स्क्रू पिळायला लागले. पेचकस खाचेत बसेना. एकदा निसटला, दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. "मन ठिकाणावर नाही," ते ओशाळून हसले. तोंडात लवंग होती, तिचा वास दरवळत होता.

"ताई, खरं सांगा. किती होती?"

मी आकडा सांगितला आणि तो किती मोठा तेही सांगितलं.

"एवढी?" त्यांनी मान हलवली. "कसं शक्य आहे? ती कधी दोन पेगच्या वर जायची नाही." मग रुमालानं डोळे टिपले. "काय करू मी सांगा. घरातलं सगळं फेकून दिलंय. तिची खोली रंगवलीय. एकटं घर खायला उठतं हो. संध्याकाळ तर संपता संपत नाही."

मी त्यांना पाणी दिलं. ते व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले.

मी यंत्रासमोर आले. आकडा अजून पडद्यावर होता. मघाशी त्यांना तो समजावून सांगताना माझं माझ्याच बोलण्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं होतं. एवढी दारू अंगात असलेली बेचाळीस किलोची पोरगी चालत खिडकीशी येत नाही, तिला स्ट्रेचरवर घालून आणावं लागतं.

आणि ही नऊ वाजता सुईत दोरा ओवत होती.

४

घरी सोडायच्या दिवशी आम्ही रक्त घेतो ते यकृत बघायला. एक नळी बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाते, एक आमच्या फ्रिजमध्ये राहते, वेळ पडली तर असावी म्हणून. त्यात दारू कुणी शोधत नाही. लघवीत सापडल्यावर रक्तात कशाला शोधायची? मीही मागच्या दोन खेपांना शोधली नव्हती.

मी नळी काढली. लिंबूचं रक्त मी स्वतः घेतलं होतं, नऊ वाजून वीस मिनिटांनी. डबी खिडकीत आली साडेनऊच्या आत. दोन्ही नमुने एकाच मुलीचे, एकाच सकाळचे.

यंत्र चार मिनिटं गुरगुरलं. पडद्यावर शून्य आलं. पाव नाही, अर्धा नाही, शून्य. मी पुन्हा लावलं. पुन्हा शून्य.

दोन्ही कागद घेऊन मी जवळजवळ पळतच मोठ्या बाईंकडे गेले.

"ती प्यायलेली नाही," मी म्हटलं. "दारू लघवीत आहे, रक्तात नाही. पोटातून गेली असती तर आधी रक्तात दिसली असती. ही दारू तिच्या अंगातून आलीच नाही. डबीत वरून पडलीय."

मोठ्या बाई कागद बघत राहिल्या. त्या हुशार आहेत, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पण हुशार माणूस चुकला की लांबपर्यंत चुकतो.

"डबी दोघींच्याच हातात होती," त्या म्हणाल्या. "पोरीच्या आणि मावशींच्या. कुठली मुलगी स्वतःला नापास करून घेईल, तेही तीनदा? घरी जायच्या दिवशी? बाहेर तिचा बाप हातात तिचे नवे बूट घेऊन बसलाय. नाही ताई. हे मावशींनी केलं. का केलं ते पोलीस विचारतील." त्यांनी फोनकडे हात नेला. "उलट तुम्ही माझं काम सोपं केलंत."

मावशींना सोडवायला म्हणून गेले होते आणि दोर त्यांच्याच गळ्याभोवती आवळून आले.

"मला अर्धा तास द्या," मी म्हटलं. "त्यानंतर खुशाल फोन करा."

खोलीत परतले तर एक मुलगी बोट कापून आली होती. मी सवयीनं कापसाचा बोळा तोडला, स्पिरिटच्या बाटलीत बुडवला आणि तिच्या हातात ठेवला. मी बोळा सढळ भिजवते, कंजूषपणा मला जमत नाही. बोळ्यातून स्पिरिट ठिबकून टेबलावर पडलं. वास नाकात गेला, सरळ अल्कोहोलचा. कापसाचा एक बारीक पांढरा तंतू माझ्या बोटाला चिकटून राहिला.

मी त्या तंतूकडे बघतच राहिले. मुलगी म्हणाली, "लॅबताई, काय झालं?"

काय झालं? गेटवर, पिशव्यांत, उशीत शोधत होतो ती दारू बाहेरून आलीच नव्हती. तिन्ही वेळा ती मीच लिंबूच्या हातात दिली होती.

५

ती मागच्या जिन्यावर भरलेल्या बॅगेला टेकून बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. गुडघे कुरकुरले.

"मी बोलते," मी म्हटलं. "चुकलं तर सांग. दर सोमवारी तुझी नुसती लघवी तपासायची. पण घरी जायच्या दिवशी आधी रक्त. रक्त काढलं की मी स्पिरिटचा बोळा देते, दाबून धर म्हणते. सगळ्या पोरी दाबून धरतात आणि मग पिवळ्या बादलीत टाकतात. तू नाही धरलास. मुठीत जपलास, स्वच्छतागृहात नेलास आणि डबीत पिळलास. दाबायला काही नव्हतं म्हणून जखम वाहिली, बाहीला डाग पडला. तिन्ही वेळा त्याच शर्टाला, कारण तो तुझा घरी जायचा शर्ट. डबीत कापसाचा तंतू आहे. आणि पिळताना अंदाज नाही राहिला तुला. एवढी दारू अंगात असती तर तू आज मला ओळखलं नसतंस."

लिंबूनं बाही खाली ओढली. दुसराच शर्ट होता अंगात, तरी ओढली.

"मावशींचं नाव येईल असं मला वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, फक्त अजून सहा आठवडे."

"आज बंद वॉर्डात पाठवणार होते तुला. माहीत होतं?"

"हो."

"त्यापेक्षा घर वाईट?"

तिनं बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला. मी थांबले. घाई केली की गाठ आणखी घट्ट बसते.

"तुझे बाबा मला म्हणाले, ती कधी दोन पेगच्या वर जायची नाही," मी म्हटलं. "फॉर्मवर लिहिलंय की त्यांना काहीच माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तर मोजलं कुणी?"

तिनं गुडघ्यात डोकं घातलं. तिथूनच आवाज आला.

"ते मारत नाहीत. ओरडत पण नाहीत. तुम्हाला वाटेल तसं काही नाहीये."

"मला काही वाटत नाही. तू सांग."

"आई गेल्यावर ते रोज संध्याकाळी प्यायचे. एकटे. प्यायले की रडायचे. मी जवळ बसायचे. मग एकदा म्हणाले, थोडीशी घे, सोबत म्हणून. मी तेरा वर्षांची होते. घेतली तर ते हसले. आई गेल्यावर पहिल्यांदा हसले." तिनं नाक पुसलं. "मग रोजच. गप्पा मारायचो, पत्ते खेळायचो. छान वाटायचं, लॅबताई. तेच तर. मग मला शाळेत पण लागायला लागली."

"आणि आता?"

"ते दर रविवारी म्हणतात, तू आलीस की मी पण सोडणार. पण तोंडात लवंग असते. मी घरी गेले की पहिल्या संध्याकाळी ते एकटे बसतील. मला बघवणार नाही. मी जाऊन बसेन." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "त्यांचं नाव सांगितलं तर त्यांना पकडतील ना? त्यांना माझ्याशिवाय कुणी नाहीये. मी दारुडी आहे असंच लिहा ना. चालेल मला."

तेव्हा मला कळलं की मी कोडं सोडवलं खरं, पण पेच तिथेच होता. बोळ्याची गोष्ट सांगितली की मावशी सुटतात. पण रक्ताचा अहवाल सांगतो की लिंबू बरी झालीय, आणि बऱ्या झालेल्या मुलीला आम्ही घरीच पाठवतो. ती म्हणते तसं लिहिलं तर लिंबू बंद वॉर्डात आणि मावशी पोलिसांकडे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये सोळा वर्षांची पोर.

"मी खोटं लिहिणार नाही," मी म्हटलं. "मावशींसाठी नाही आणि तुझ्यासाठीही नाही. दारू कशी आली ते मी सांगेन. पण का आली, ते सांगायला तूच लागशील."

ती उठली, बॅग उचलली, परत ठेवली.

"बाबांसमोर सांगते," ती म्हणाली. "त्यांच्या पाठीमागे नाही."

६

मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. त्या, मी, मावशी, लिंबू आणि तिचे वडील. वडिलांच्या मांडीवर नव्या बुटांचा खोका होता.

मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि बोळ्याची गोष्ट सांगितली. मोठ्या बाईंनी ऐकलं, उठल्या आणि सगळ्यांसमोर मावशींना म्हणाल्या, "माझं चुकलं. माफ करा." असं म्हणणारा वरिष्ठ मी एकवीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला. मावशींनी नुसती मान हलवली. त्यांचं सगळं लक्ष लिंबूकडे होतं.

वडिलांचा चेहरा आधी उजळला. "म्हणजे ती प्यायलीच नाही? म्हणजे नेऊ शकतो?" मग तो हळूहळू गोंधळला. "पण मग हे... का केलंस बाळा?"

लिंबू उभीच होती. हात मागे बांधलेले.

"बाबा, मला घरी यायचं नाहीये."

"काय झालं? मी काही बोललो का? मी कधी तुझ्यावर हात उगारला?"

"नाही."

"कधी जबरदस्ती केली? तू नको म्हणालीस आणि मी..."

तो थांबला. अर्ध्या वाक्यात त्याला कळलं की आपण काय बोलून बसलो. मोठ्या बाई जागच्या जागी ताठ झाल्या. मावशींनी डोळे मिटून घेतले. अठरा आठवडे ज्या माणसाचं आम्ही कौतुक करत होतो, तो खोका छातीशी धरून बसला होता.

"मी नको म्हणालेच नाही," लिंबू म्हणाली. "तुम्ही चांगले आहात, म्हणूनच मला म्हणता येत नाही. वाईट असतात त्यांना नाही म्हणता येतं."

त्यानं खोका टेबलावर ठेवला, तो सरळ करून ठेवला आणि कुणाकडेही न बघता निघून गेला.

लिंबू रडली नाही. तिनं मावशींना विचारलं, "मी त्यांना संपवलं का हो?" मावशींनी तिला जवळ ओढलं.

मोठ्या बाईंनी त्याच संध्याकाळी बालकल्याणच्या अधिकाऱ्यांना कळवलं. कळवावंच लागतं. लिंबूची आत्या शोधून काढली, तिनं न्यायचं कबूल केलं. कागदपत्रं होईपर्यंत लिंबू आमच्याकडेच राहिली. पहिल्या रविवारी वडील आले नाहीत. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या रविवारी लिंबू जेवली नाही. खारीनं आपल्या साठ्यातल्या साखरेच्या पुड्या तिच्या ताटाशी ठेवल्या. चौथ्या रविवारी ती म्हणाली, "आता ते एकटे बसत असतील आणि तेही माझ्यामुळे." मी खरं बोलायला लावलं होतं तिला. तो महिनाभर मला माझंच जेवण गोड लागलं नाही.

पाचव्या रविवारी तो आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तोंडाला लवंगेचा वास नव्हता, सरळ दारूचा होता. गेटवर त्याला अडवलं, तसा तो म्हणाला, "भेटायला नाही आलो. भरती व्हायला आलोय. मोठ्या माणसांची इमारत कुठली?"

लिंबूनं खिडकीतून पाहिलं आणि ती धावत खाली आली. मोठ्या बाईंनी दोघांना माझ्याच खोलीत बसवलं. तो खुर्चीत बसला, ती समोर उभी राहिली.

"पहिले दिवस कसे असतात ग?" त्यानं खाली बघत विचारलं.

"तिसरी रात्र सगळ्यात वाईट," लिंबू घाईघाईनं सांगायला लागली. "घाम येतो, भास होतात. पण तुम्ही घाबरू नका, मी रोज खिडकीतून हात करीन, आणि चौथ्या दिवशी भूक लागते, तेव्हा मी सांगून ठेवीन की तुम्हाला..."

"थांब," मोठ्या बाई म्हणाल्या.

ती थांबली.

"हे त्यांना मी सांगेन. आमच्याकडे त्यासाठी डॉक्टर आहेत, नर्स आहेत, चार माणसं आहेत. हे काम तुझं नाही."

"पण त्यांना एकट्याला..."

"एकटे नसतील. तू जा. बाहेर मुली खेळतायत."

लिंबू माझ्याकडे बघत राहिली, जशी काही मी परवानगी देणार होते. मी मान हलवली. मग तिनं वडिलांकडे पाहिलं.

"जा," तो म्हणाला. "खरंच जा."

ती दारापर्यंत गेली. उंबऱ्याशी थांबली. मागे वळायला मान अर्धी फिरली होती. मग पटांगणातून कुणीतरी तिला हाक मारली, आणि ती तशीच बाहेर गेली.

मी हातमोजे घातले, सुई काढली आणि त्याला बाही वर करायला सांगितलं.